पाठीशी कोणी नसताना

1857 सालच्या जानेवारीत मुंबईला बॅक बेच्या वाळूवर माणसं जमू लागली, ती वाद ऐकायला. एका बाजूला विष्णुबावा ब्रह्मचारी. मूळचे विष्णू भिकाजी गोखले. कस्टम खात्यातली नोकरी सोडून सप्तशृंगीच्या डोंगरावर तप करायला गेले आणि वैदिक धर्माचा पुकारा करत खाली उतरले. वय तिशीच्या जरासं पुढे. दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती मिशनरी, आणि त्यांच्यात जॉर्ज बोवेन हे अमेरिकन गृहस्थ. 15 जानेवारीला सुरू झालेले हे सवालजवाब 28 मेपर्यंत चालले. पुढे बोवेन ह्यांनीच त्यांचा वृत्तान्त छापला, म्हणून त्या सभा आज आपल्याला वाचायला मिळतात.

आमच्या मंडळीतली जी मुलंमुली उपदेश करायला शिकतात, त्यांना मी ही हकिकत सांगते आणि विचारते, ह्या दोघांत धीट कोण? मंडळी आमची मराठी. दादर, परळ, लालबागच्या चाळींतून आणि हल्ली त्याच चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांतून येणारी. मुलं निष्ठेनं उत्तर देतात, बोवेन. मी म्हणते, थांबा, आधी विष्णुबावांचं त्यांना देऊ या. राज्य कंपनी सरकारचं. शाळा मिशनच्या, छापखाने मिशनचे. विष्णुबावांच्या पाठीशी सरकार नव्हतं, संस्था नव्हती, पगार तर त्यांनी आपणहून सोडलेला. एकटा माणूस आपली श्रद्धा घेऊन वाळूवर उभा राहिला आणि साडेचार महिने हटला नाही. ज्याला ह्यात धैर्य दिसत नाही, त्याला आपल्या माणसांतलंही ओळखता येणार नाही.

हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण ख्रिस्ती सेवेतल्या धैर्याविषयी आमच्याकडे जे बोललं जातं, त्यात पाठबळ आणि धैर्य ह्यांची फार गल्लत होते. जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले. विद्वान माणूस, इथल्या भाषा शिकले, शाळा काढली, तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. त्यांचं ऋण मी मानते. हिंदू धर्माच्या बाजूनं वाद घालणाऱ्या मोरभट दांडेकरांना उत्तर म्हणून 1832 मध्ये त्यांनी हिंदू धर्माचं खंडन करणारं पुस्तक लिहिलं. त्या काळचं असलं खंडनाचं साहित्य वाचताना मला अस्वस्थ वाटतं. दुसऱ्याच्या देवाविषयी इतक्या सहज कठोर बोलायला छातीत बळ लागत नाही; मागे राज्य असलं की पुरतं. तो आवाज ठाम आहे, पण ज्याला मी धैर्य म्हणते ते त्यात मला सापडत नाही.

बोवेन ह्यांच्यात सापडतं, आणि ते वाळूवरच्या वादात नव्हे, त्याच्या आठ वर्षं आधी. हा माणूस तरुणपणी पक्का नास्तिक. जिच्याशी लग्न ठरलं होतं ती मुलगी 1844 मध्ये वारली आणि जाताना आपलं बायबल त्यांच्यासाठी ठेवून गेली. ते वाचता वाचता ते पालटले. 1848 मध्ये मुंबईला आले आणि वर्षभरातच त्यांना एक गोष्ट खुपू लागली: मिशनरी बंगल्यात राहतो, त्याला परदेशातून पगार येतो, आणि तो गरिबाला सांगतो की देवावर भरवसा ठेव. 1849 मध्ये त्यांनी मिशनचा पगार बंद करून घेतला. देशी वस्तीत, बाजारात एक साधी खोली घेतली आणि शिकवण्या करून पोट भरू लागले. ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र त्यांनी अनेक वर्षं चालवलं आणि रस्त्यावर मराठीत बोलत राहिले. 1888 मध्ये मुंबईतच वारले. चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत.

आणि त्यांच्या बोलण्यानं किती माणसं ख्रिस्ती झाली? अगदी थोडी. आल्या आल्या त्यांना वाटलं होतं, देश पालटेल. तसं काही झालं नाही, हे त्यांना दिसत होतं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर. यश मिळत असताना धीट होणं सोपं आहे. पगार नाही, फळ नाही, टाळ्या नाहीत, आणि तरी आवाजात कडवटपणा नाही, हे मला वाळूवरच्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा मोठं वाटतं.

मात्र बोवेन ह्यांचं उदाहरण आमच्या मुलांना एका मर्यादेपर्यंतच पोचतं. त्यांनी पगार सोडला, पण आईबाप समुद्रापलीकडे होते. इथल्या माणसाचे आईबाप शेजारच्या खोलीत असतात.

धनजीभाई नौरोजींना 1839 च्या मे महिन्यात विल्सन ह्यांनी बाप्तिस्मा दिला, तेव्हा हा पारशी मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होता. अख्खी पारशी पंचायत खवळली, प्रकरण न्यायालयात गेलं. कोर्टानं सांगितलं, कुठे राहायचं ते मुलानं ठरवावं. त्यानं मिशनरींकडे राहायचं ठरवलं. एवढ्या लहान वयात, आपल्या सगळ्या माणसांच्या डोळ्यांसमोर, भरल्या कोर्टात ते सांगणं म्हणजे काय, ह्याचा विचार मी करते तेव्हा मला त्याच्या आईचा चेहराही डोळ्यांसमोर आणावासा वाटतो. धैर्याची किंमत नेहमी धीट माणूस एकटाच भरत नाही. हे आम्ही चर्चमध्ये पुरेसं बोलत नाही.

बाबा पदमनजींची गोष्ट ह्याहून वेगळी, आणि माझ्या फार जवळची. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा, मराठीतल्या कादंबरीच्या उंबरठ्यावर ज्यांचं नाव घेतलं जातं ते. हे मुळात धीट नव्हते. ‘अरुणोदय’ ह्या आत्मचरित्रात त्यांनी आपली चलबिचल लपवलेली नाही. मनात विश्वास बसला आहे, पण घर सुटेल, आईवडील दुरावतील, लोक काय म्हणतील. त्या दिवसांत मुंबईत परमहंस सभा होती. 1849 च्या सुमाराची ही गुप्त मंडळी. जातिभेद मोडण्याची शपथ घ्यायची, ख्रिस्त्यानं भाजलेला पाव खायचा, आणि बाहेर पडलं की पुन्हा आपापल्या जातीत मुकाट्यानं वावरायचं. बाबा तिचे सभासद होते. त्या मंडळींना मी हसत नाही. त्या काळात बंद दाराआड का होईना, पावाचा तो तुकडा तोंडात घालायलाही हिंमत लागत असणार. पण सभासदांची यादी चोरीला गेल्यावर सभा फुटली. जे लपवलेलं असतं ते उघडं पडण्याच्या भीतीनंच मोडतं. बाबांनी 1854 मध्ये बेळगावला उघडपणे बाप्तिस्मा घेतला आणि पुढचं अर्धशतक मराठीत लिहीत राहिले. भित्र्या माणसाला धीर येण्याचा तो प्रवास त्यांनी स्वतः लिहून ठेवला, हे मला त्यांचं सगळ्यात धीट काम वाटतं.

मग येतात रमाबाई. आमच्या मुलींना मी सगळ्यात जास्त वेळ त्यांच्यापाशी थांबवते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमध्ये, वाँटेजला झाला. त्या वेळी त्या पंचविशीच्या विधवा होत्या आणि कडेवर लेक मनोरमा होती. देश परका, भाषा परकी, राहायची जागा ख्रिस्ती भगिनींनी दिलेली. अशा वेळी माणूस मान खाली घालून कृतज्ञतेनं गप्प बसतो. रमाबाई कृतज्ञ होत्या, गप्प नव्हत्या. क्रूसावर लॅटिन शब्द का, आम्हाला कळणारे संस्कृत शब्द का नकोत, असं त्यांनी विचारलं. मांसाहार केला नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा बिशप मंडळींनी हरकत घेतली: भारतात परतल्यावर तिच्या नावाला बट्टा लागेल. ज्या बाईनं पुण्यात 1882 मध्ये आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, पुरुषांनी भरलेल्या सभांत शास्त्रार्थ केला, तिला ही काळजी! त्यांच्या पत्रांतला आशय असा, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं बाहेर पडल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचं जोखड मी देवाची आज्ञा म्हणून मानेवर घेणार नाही.

मला हे वाक्यावाक्यानं पटतं, आणि चर्चमध्ये वाढलेली बाई म्हणून थोडं हादरवतंही. कारण बाहेरच्यांपुढे धीट होणारे आमच्यात पुष्कळ असतात. आपल्याच वडीलजनांपुढे, आपल्यालाच जेवू घालणाऱ्यांपुढे प्रेमानं आणि स्पष्टपणे नाही म्हणणं, हे दुर्मीळ.

1889 च्या फेब्रुवारीत त्या परतल्या आणि 11 मार्चला चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. वाद झडले होते तोच मुंबईचा समुद्रकिनारा, बत्तीस वर्षांनंतरचा. आता तिथे एक बाई विधवा मुलींना शिकवायला बसली होती. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या त्या. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला हललं, आणि 1893 मध्ये वादळ आलं. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असं ठरलेलं. पण रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’नं झोड उठवली, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती मी खोटी म्हणणार नाही. त्यांनी विश्वासानं मुली सोपवल्या होत्या. पण रमाबाईंचं म्हणणंही साधं होतं: मी प्रार्थना करते ती चोरून करणार नाही, दार उघडं राहील. परमहंस सभेच्या बंद दारानंतर हे उघडं दार मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या दाराची त्यांनी किंमत मोजली. हितचिंतक गेले, मुली गेल्या, आणि विलायतेतल्या चर्चलाही त्या कधी पूर्ण आपल्या वाटल्या नाहीत.

मग त्यांना धीर कुठून येत होता? ह्या एका प्रश्नासाठी मी एवढं सगळं सांगत आले. माझं उत्तर असं, की त्यांच्या पाठीशी कोणी नसलं तरी शेजारी कोणीतरी सतत होतं. केस कापलेली, बारा-तेरा वर्षांची, घरात अपशकुनी ठरलेली एखादी मुलगी. तिच्याकडे पाहिलं की बिशप काय म्हणतील आणि ‘केसरी’ काय लिहील, हे प्रश्न लहान होत असणार. बोवेन ह्यांच्याही शेजारी बाजारातली माणसं होती. मागे उभ्या असलेल्या बळानं आवाज चढतो. शेजारी बसलेल्या माणसामुळे धीर येतो.

नव्या करारातही मला हेच दिसतं. अंगणात शेकोटीपाशी एका दासीनं विचारलं तर पेत्र घाबरून नाही म्हणाला. तोच पेत्र काही आठवड्यांनी योहानाबरोबर सत्तेसमोर उभा राहिला, आणि ही अशिक्षित माणसं एवढी निर्भय कशी, म्हणून न्यायसभा चकित झाली. ह्या दोन प्रसंगांमध्ये पुनरुत्थान आहे, पवित्र आत्मा आहे, हे तर आम्ही दर वर्षी शिकवतोच. पण आणखी एक गोष्ट आहे. दुसऱ्या वेळी त्याच्याबरोबर एक सोबती होता, आणि नुकताच बरा झालेला लंगडा माणूसही तिथेच उभा होता. सुटून आल्यावर सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली, ती शत्रू नाहीसे व्हावेत अशी नव्हे. त्यांनी निर्भयपणे बोलता यावं एवढं मागितलं. आणि बरं करण्यासाठी देवाचा हात पुढे व्हावा, एवढं.

नारायण वामन टिळकांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांची कथा मराठी वाचकाला लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’तून इतकी देऊन ठेवली आहे की माझ्यानं तीत भर पडणार नाही. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी दुरावली, आणि ते थांबले. तिला त्यांनी ओढून आणलं नाही. काही वर्षांनी ती आपल्या पायांनी आली, आपल्या विचारानं पालटली. टिळकांच्या कवितेपेक्षाही त्यांचं हे थांबणं मला शिकवतं. लक्ष्मीबाईंचा धीर तर मागून उमलला. 1919 च्या मे महिन्यात टिळक मुंबईतच वारले. मग ही जेमतेम शिकलेली बाई मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर मेट्रन म्हणून राहिली, ते जमेना तेव्हा मुलांबरोबर कराचीला गेली, आणि टिळकांचं अपुरं काव्य ‘ख्रिस्तायन’ पुरं करायला बसली. चौसष्ट अध्याय तिनं लिहिले.

ही सगळी नावं लिहिली गेली, कारण ती लिहित्या घरांतली होती. आमच्या मंडळीतल्या बहुतेकांचे आजे-पणजे नगर आणि जालन्याकडच्या महारवाड्यांतून, मांगवाड्यांतून आले. त्यांचा बाप्तिस्मा कोणत्या वर्तमानपत्रात आला नाही. त्यांनी गावकीची कामं नाकारली असतील, पाटलाच्या समोर ताठ उभे राहिले असतील, पोरांना मिशनच्या शाळेत घातलं असेल, आणि त्याची काय किंमत गावात दिली हे फक्त घरातल्या बायका एकमेकींना सांगत आल्या. माझी पणजी बायबल वूमन होती. पिशवीत शुभवर्तमानाची पुस्तकं आणि खोकल्याचं औषध घेऊन ती खेड्यांतून पायी फिरायची. आधी औषध, मग बसायला सांगितलं तर गोष्ट. लोक तिला हाकलून देत, तीच माणसं तापाच्या साथीत तिला बोलवायला येत, असं आजी सांगायची. तिच्यावर कोणी पुस्तक लिहिणार नाही. रमाबाईंच्या पंक्तीला मी तिला बसवते.

म्हणूनच उपदेश शिकायला आलेल्या मुलांना मी आधी पुलपीटवर नेत नाही, परळला नेते. के. ई. एम. 1926 पासून तिथे आहे, टाटा मेमोरियल 1941 पासून. त्या दोन इमारतींच्या भोवती फुटपाथवर अख्ख्या देशातली माणसं चादरी पसरून तपासणीच्या तारखेची वाट पाहत असतात. ज्यांना जागा मिळते ती दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहतात. गाडगेबाबांचं नाव घेतल्याशिवाय ह्या भागात सेवेविषयी बोलताच येत नाही. आमचे नियम थोडे आहेत. आम्ही चर्चमधून आलो आहोत, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं; हल्लीच्या संशयाच्या दिवसांत तर नक्कीच. प्रार्थना केली तर चालेल का, हे विचारायचं. नको म्हटलं तर तिथून उठायचं नाही. पाण्याची बाटली भरून आणायची, रिपोर्टच्या रांगेत उभं राहायचं. आजारी माणसाच्या गरजेवर आपल्या धर्माचं ओझं टाकणं हे धैर्य नाही, अन्याय आहे. आणि आपल्याजवळ असलेली आशा त्यानं विचारूनही लपवणं, हाही अन्यायच.

लालबागची एक मुलगी आमच्यात आहे. चारचौघांत बोलायची वेळ आली की तिचा आवाज बसायचा. एका संध्याकाळी वाशीमकडच्या एका बाईनं तिला थेट विचारलं, तुमचा देव माझ्या पोराला बरं करील का? मी दोन पावलांवर होते. मलाही उत्तर सुचलं नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “काकू, मला माहीत नाही. पण मी उद्या येते.” आणि ती गेली. पुढेही जात राहिली. त्या पोराचं पुढे काय झालं हे इथे सांगण्याचा मला अधिकार नाही. त्या काकूंनी मात्र काही दिवसांनी स्वतःच विचारलं, तू रोज येतेस ते कोणाच्या सांगण्यावरून? तेव्हा ती बोलली. फुटपाथवर, बेस्टच्या आवाजात, सरळ लालबागच्या मराठीत, येशूविषयी. तिचा आवाज बसला नाही.

आमच्या वडीलजनांपैकी एका काकांचं म्हणणं आहे, की मुलांना आधी आवाज, उभं राहणं, वचनांची मांडणी हे शिकवावं, परळ नंतर. ते जाणते आहेत, त्यांचे स्वतःचे उपदेश ऐकत मी मोठी झाले, आणि तयारीशिवाय पुलपीटवर चढणं हा मंडळीचा अपमान आहे हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. क्रमाविषयी मात्र आमचं पटलेलं नाही. येत्या आगमनकाळात एका रविवारचा उपदेश त्या मुलीला द्यावा असं मी सुचवलं आहे. काकांनी दोन अटी घातल्या: तिनं लिहून आणावं आणि त्यांना आधी वाचून दाखवावं. तिनं दोन्ही मान्य केल्या, आणि आपलीही एक अट घातली. वाचून दाखवायचं ते शनिवारी संध्याकाळी, परळला, आणि काकांनी तिथवर यायचं. काका हो म्हणाले आहेत.